शिवलकरांनी सोडली

रत्नागिरीत माणसानं नवीन काय धरलंय याची कुणाला फारशी उत्सुकता नसते. मी मध्यंतरी पेटी शिकायला धरली होती, वर्षभर सूर काढले, पण शेजारच्या मथुरावहिनींनी खिडकी लावून घेतली यापलीकडे गावानं त्याची दखल घेतली नाही. माणसानं काय सोडलं याची मात्र गावाला फार काळजी. मी सोडा सोडला. 'सोडा सोडला' हे वाक्य ऐकायला गमतीदार वाटतं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

मी आत्माराम शिवलकर, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल पुढे बोलायचं आहे ती माणसं अजून त्याच खुर्च्यांवर बसलेली आहेत. दुपारी डबा खाल्ला की मी रामआळीच्या तोंडाशी असलेल्या दादूच्या दुकानात जायचो आणि गोटीच्या बाटलीतला गोड जिंजर सोडा प्यायचो. दादू लाकडी खुंटीनं गोटी आत दाबायचा, फस्सकन आवाज व्हायचा, आणि त्या आवाजानंच माझ्या डोळ्यांवरची पेंग निम्मी उतरायची. उरलेली बाटलीतल्या साखरेनं उतरायची. मग अख्खी कचेरी माना टाकून बसलेली असताना मी एकटा ताठ बसून टिपणं लिहायचो. साहेब एकदा पाहुण्यांना म्हणाले होते, "आमचे शिवलकर म्हणजे यंत्र आहे." यंत्र कशावर चालतं हे त्यांनी विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका बाटलीवर भागेना. पोट असं फुगायला लागलं की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटावर बोटं वाजवली, तबल्यासारखा आवाज आला, आणि ते म्हणाले, "शिवलकर, आत जेवणाला जागाच राहिलेली नाही. नुसती साखर आणि वारा भरलाय. दोन्ही बंद."

दुसऱ्या दिवशी दादूला सांगितलं, "दादू, आजपासून बंद."

"बंद म्हणजे? लेमन देऊ?"

"काहीच नको. सोडलं."

दादूनं बर्फातून काढलेली बाटली परत बर्फात ठेवली आणि फडक्यानं फळी पुसायला लागला. फळी स्वच्छ होती. मला वाईट वाटलं, पण मी मनाचा हिय्या करून पाठ फिरवली. सद्गुणी माणसाला जो एक अभिमान वाटतो तो मला कचेरीची पायरी चढेपर्यंत वाटला.

खुर्चीत बसलो आणि संपलं. डोळ्यांवर कुणीतरी ओली गोणपाटं टाकावीत तसं झालं. त्या आठवड्यात एका तातडीच्या प्रकरणावर मी नुकताच शिक्का मारला होता, शाई ओली होती, आणि माझं कपाळ त्या शाईवर जाऊन टेकलं. जागा झालो तो साहेब समोर उभे. ते माझ्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिले. उलटी अक्षरं वाचायला वेळ लागतोच. 'तातडीचे' हा शब्द वाचून झाल्यावर ते आत गेले.

घरी आल्यावर बायकोनं, सावित्रीनं, खोबरेल तेलानं शिक्का पुसता पुसता विचारलं, "सोडा बंद केलात तर अंगात ताकद कुठून यायची?" हाच प्रश्न होता. आणि आमच्या घरातला प्रश्न फार वेळ आमच्या घरात राहत नाही. आमच्या जांभ्याच्या लांबलचक घरात तीन बिऱ्हाडं. मधलं आमचं. एका बाजूला मथुरावहिनी, दुसऱ्या बाजूला केरूमामा तांडेल.

मथुरावहिनींना जगातल्या सगळ्या दुखण्यांवर उपाय माहीत असतो, आणि तो बहुतेक नाचणीचा असतो. "भावजी, आंबील घ्या," त्या म्हणाल्या. "नाचणीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं. आमच्या आजेसासऱ्यांनी आंबिलीवर डोंगर नांगरला." मला डोंगर नांगरायचा नव्हता, फक्त पाच वाजेपर्यंत डोळे उघडे ठेवायचे होते, पण वहिनींना नाही म्हणणं कुणाला जमलेलं नाही.

केरूमामा जन्मभर बोटीवर होते. आता निवृत्त होऊन ते एकटे राहत. डॉक्टरी दाखल्यावर मिळालेला परवाना त्यांच्याकडे होता, आणि रोज दिवेलागणीला ते खिडकी लावून घेत. गावात त्यांना कुणी दारुडा म्हणत नसे. परवाना असलेला माणूस आजारी असतो. ते मला म्हणाले, "आत्माराम, धक्क्याला लागताना बोट एकदम थांबवत नाय. येग हलू हलू कमी करायचा. तू एकदम नांगर टाकलास. आता हादरे बसणार." मग त्यांनी वहिनींच्या आंबिलीसाठी आपली एक चपटी, तपकिरी, विलायती बाटली धुऊन दिली. बूच घट्ट बसतं, म्हणाले.

बूच खरंच घट्ट बसत होतं. एप्रिलची दुपार, कौलं तापलेली, आणि आंबील टेबलाच्या खणात सकाळपासून आंबत पडलेली. साहेब माझ्या टेबलाशी येऊन एक जुनं प्रकरण मागत होते. मी खण उघडला. बुचाला तेवढं निमित्त पुरलं. ते फट्‌दिशी उडून छतावरच्या पंख्याला लागलं, तिथून भिंतीवरच्या घड्याळाला, आणि आंबिलीचा एक फवारा प्रकरणावर आणि एक साहेबांच्या बाहीवर गेला. खोलीभर आंबट वास सुटला. साहेबांनी बाही नाकाशी नेली. मग चपटी बाटली पाहिली.

"आंबील आहे, साहेब," मी म्हणालो.

"असं म्हणतात का हल्ली," साहेब म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. झोपेत होतो.

त्याच सुमाराला गावात माझं कौतुक व्हायला लागलं. बाजारात सखू कोळीण माझ्या पिशवीत एक बांगडा जास्तीचा टाकून म्हणाली, "भाऊ, ऐकलं मी. लय बरं केलंत."

मला नवल वाटलं. "तुझ्यापर्यंत आलं का? अगं, डॉक्टरांनीच सांगितलं."

"तरास होतो?"

"दुपारी फार होतो. डोकं जड होतं. हातसुद्धा थोडे थरथरतात."

"व्हनारच. आणि वयनी काय म्हणतात?"

"खूश आहे. म्हणते, पोटाचा घेर कमी होईल."

"घेराचं काय घेऊन बसलाव," सखू डोळ्याला पदर लावत म्हणाली, "घर वाचलं तुमचं."

न्हाव्यानं दाढी करताना खांद्यावर हात ठेवला. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि म्हणाला, मनाचा निर्धार लागतो. जयस्तंभापाशी एका अनोळखी गृहस्थानं माझा हात हातात घेऊन दाबला. मी सगळ्यांचे आभार मानले. घरी येऊन सावित्रीला म्हणालो, "आपल्या गावाला आरोग्याची इतकी चाड असेल असं मला वाटलं नव्हतं." त्या दिवसांत मी जरा छाती काढून चालत होतो. आता आठवलं की कान तापतात.

घडलं होतं ते असं. मी दिसेनासा झालो तेव्हा गिऱ्हाइकं दादूला विचारायला लागली, शिवलकर कुठे? दादू दुखावलेला. तो खाली मान घालून एवढंच म्हणायचा, "त्यांनी सोडलं." पुढचं काम लोकांच्या बुद्धीनं केलं. नुसता सोडा कोण सोडतो? सोडा ही काय सोडण्याची वस्तू आहे? सोडा जिच्यात घालतात ती वस्तू माणूस सोडतो, आणि मग सोडा आपोआप सुटतो. ज्याअर्थी सोडा बंद, त्याअर्थी मुख्य वस्तू बंद, आणि ज्याअर्थी ती बंद, त्याअर्थी ती इतकी वर्षं चालू होती. आमच्या कचेरीतलं कुठलंही टिपण याहून पक्कं नसतं. झोकांड्या, लाल डोळे, कपाळावरचा शिक्का, खणातली चपटी बाटली, सगळं जागच्या जागी बसलं. रामआळीतून निघालेलं 'सोडलं' मांडवीला पोचेपर्यंत 'सोडली' झालं होतं.

मला हे कळलं ते काशीराम मास्तरांकडून. मास्तर निवृत्त झाल्यावर मद्यमुक्ती प्रबोधन समितीचे चिटणीस झाले होते. जन्मभर त्यांनी मुलांना मराठी शिकवलं. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, सावित्रीला मोठ्या आदरानं नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "आपला जाहीर सत्कार करायचं ठरलं आहे. मांडवीला, मंडप घालून."

"कशाबद्दल?"

"आपण सोडली त्याबद्दल."

"सोडली नाही मास्तर, सोडला."

"काय सोडला?"

"सोडा."

मास्तर दुखावल्यासारखे दिसले. "सोडा काय? इतकी तयारी झाली आहे, आता आम्ही कसं सोडणार? आपल्या साहेबांनी आपलं नाव स्वतः सुचवलं. ते वर गेलंसुद्धा."

"अहो, मी आयुष्यात कधी घेतलीच नाही."

मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असं वाटतं सुरुवातीला," ते म्हणाले. "माणूस मागचं सगळं नाकारतो. चांगलं लक्षण आहे." आणि सावित्रीकडे वळून हळूच म्हणाले, "फार सोसलंत, वहिनी."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथला कारकून सज्जन होता. जातीचा कारकून मीही आहे, त्यामुळे त्याची अडचण मला बोलायच्या आधीच दिसली. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सोडलेल्यांची नोंद होते. कधीच न घेतलेल्यांसाठी रकाना नाही."

"पण माझं नाव चुकून गेलंय."

"मग कधीच घेतली नाही असा दाखला आणा."

"तो कोण देतो?"

"ते आम्हाला माहीत नाही. कुणी आजवर आणलेला नाही." त्याला माझी दया आली असावी. तो आवाज उतरवून म्हणाला, "दुसरा एक मार्ग आहे. पुन्हा सुरू केली असं लिहून द्या. नाव आज संध्याकाळपर्यंत कमी होतं."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, वास घेतला आणि म्हणाले, "आत्ता घेतलेली नाही असं मी लिहून देतो. पण मागचं मी कसं सांगणार? तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलो होतो का?" मी म्हटलं, सोडा बंद करा असं तुम्हीच सांगितलंत ना? ते म्हणाले, "हो, आणि तुम्ही किती बाटल्या सांगितल्यात तेव्हाच मला शंका आली होती."

मी संतापून घरी आलो. सगळ्या गावाला ओरडून सांगायचं ठरवलं होतं. सुरुवात घरापासून करणार होतो, तर पुढच्या खोलीत पावस गावचे गंगाराम पिलणकर बसलेले.

आमची मुलगी गोदा आणि पिलणकरांचा मधला मुलगा यांचं जमण्याच्या बेतात होतं. मुलगा शिकलेला, स्वभावानं गरीब, आणि गोदाला आवडलेला. तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं, पण हल्ली ती पावसची एस.टी. गेली की खिडकीकडे बघायची. पिलणकरनाना म्हणजे पावसमधलं मोठं प्रस्थ, हापूसची बाग, माडाची बाग. सोयरीक मोडायला स्वतः आले, मी मनात म्हटलं.

"बसा शिवलकर," नाना म्हणाले. घर माझं होतं, पण मी बसलो. "माझ्या कानावर आलं. खरं सांगू? आधी मला तुमच्याविषयी काही वाटतच नव्हतं. सरळ माणूस, एवढंच. असे पुष्कळ असतात."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"माझ्या वडलांनी अर्धी बाग घशाखाली घातली. आई पाया पडायची, आम्ही पोरं रडायचो. रोज सकाळी शपथ घ्यायचे. नाय जमलं त्यांना. शेवटपर्यंत नाय जमलं." एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी तो दारामागे उभ्या असलेल्या पोरासारखा दिसत होता. "कुणाला तरी जमतं हे मला बघायचं होतं. तुमच्या घरची मुलगी माझ्या घरात यावी असं आता मला वाटतं. ज्यानं कधी घेतलीच नाय त्याचा काय भरवसा? तो उद्या सुरू करील. तुम्ही तिकडून परत आलात."

मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात सावित्री उभी होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी, पाल चुकचुकली की हलवावी तशी. तिच्या मागे गोदा होती. मी तोंड मिटलं.

"सत्काराला मी माणसं घेऊन येतो," नाना जाताना म्हणाले. "तिथेच सोयरिकीचा नारळ देऊ."

नाना गेल्यावर मी सावित्रीला म्हणालो, "पण हे खोटं आहे."

"तुम्ही कुठे खोटं बोललात? तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"माझं चारित्र्य जातंय."

"ते कुणी मागितलंय," ती म्हणाली. "पोरीचं होतंय ते बघा."

तिच्यावर मला राग धरता येईना, कारण तिचीही कुचंबणा चालली होती असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. मथुरावहिनींकडच्या हळदीकुंकवात तिला पाट मध्यभागी मांडला गेला. बायका तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, किती सोसलंस गं, आणि कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, अहो, तसं काही नव्हतं. त्यावर सगळ्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, बघा, अजूनसुद्धा झाकून घेते. माझ्याबरोबर इतकी वर्षं संसार केल्याबद्दल तिला यापूर्वी कुणी शाबासकी दिली नव्हती. ती घरी आली तेव्हा तिची चाल बदललेली होती.

केरूमामांना मी सत्काराचं तेवढं सांगितलं, गैरसमजाचं नाही. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. खिडकीच्या गजाला धरून नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कार्यक्रमाला मी पण येतंय."

"तुम्ही तर परवान्यावर."

"म्हणून काय झालं? मी पेशंट," मामा म्हणाले. "पेशंटाला हवा खायला बंदी नाय."

मांडवीच्या वाळूत मंडप उभा राहिला. मुंबईहून एक पाहुणे आले होते, ते भाषणभर समुद्राकडे बघत होते. पहिल्या रांगेत आमचे साहेब, त्यांच्या शेजारी पिलणकरनाना आणि पावसची मंडळी. पलीकडे सगळ्या बायकांच्या पुढे सावित्री, नव्या लुगड्यात. शेवटच्या रांगेत केरूमामा. कडेला थंड पेयांची व्यवस्था दादूकडे होती. बर्फाच्या पेटीमागे तो माझ्याकडे न बघता उभा होता. मास्तरांनी प्रास्ताविकात माझा भूतकाळ रंगवला. गटारात पडलेला मी, घराबाहेर काढलेला मी, भांडी विकणारा मी. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतका वाईट माणूस सुधारला याचं मलाही बरं वाटलं.

मग मला बोलायला सांगितलं. मी रात्रभर विचार केला होता. खोटं बोलायचं नव्हतं आणि गोदाचं मोडायचं नव्हतं. मी ठरवलं होतं की घडलं तेवढंच सांगायचं.

"रोज दुपारी जेवण झालं की पाय आपोआप तिकडे वळायचे," मी म्हणालो. "कचेरीच्या वेळेत जायचो. दुकानदार न विचारता बाटली काढायचा. ती उघडतानाचा आवाज कानावर आला की जिवात जीव यायचा. थंडीत एकीवर भागायचं. उन्हाळ्यात भागत नसे. तिच्याशिवाय आपल्या हातून काम होणार नाही असं वाटायचं. साहेबांना कामाशी मतलब, ते काही विचारत नसत."

साहेबांनी खाली वाळूत बघितलं.

"मग डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, बंद. मी बंद केली. पहिले दिवस फार वाईट गेले. बसल्या जागी मान पडायची. दुपार झाली की दुकानाचा रस्ता डोळ्यांसमोर यायचा. आता मी त्या रस्त्यानं जात नाही, लांबच्या रस्त्यानं जातो. एवढंच."

मंडपात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मी जे बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त एक नाम गाळलं होतं, आणि मराठी शिकवणाऱ्या मास्तरांच्यासुद्धा ते लक्षात आलं नाही.

सावित्रीला व्यासपीठावर बोलावून तिची ओटी भरली. दोन शब्द बोला, मास्तर म्हणाले. ती म्हणाली, "ह्यांनी कधी हात उगारला नाही. घरी यायचे ते सरळ यायचे." यावर माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या.

शाल झाली, नारळ झाला. मग पाहुण्यांसाठी थंड पेयं आली. व्यासपीठावर सगळ्यांच्या हातात एकेक गोटीची बाटली दिली, माझ्याही. जिंजरच होता. बर्फातून नुकता काढलेला, बाटलीवर घाम. घशाला कोरड पडली होती. खाली दादू आता माझ्याकडे बघत होता. सगळी मांडवी माझ्याकडे बघत होती. मी बाटली मास्तरांकडे परत दिली आणि म्हणालो, "मला नको. मी घेत नाही."

मास्तरांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "बंधुभगिनींनो, पाहा. या माणसानं सोडासुद्धा सोडला."

लोक उभे राहिले. त्या व्यासपीठावरून माझ्याविषयी बोललं गेलेलं खरं वाक्य तेवढं एकच, आणि तेवढंच लोकांना अद्भुत वाटलं. पिलणकरनानांनी वर येऊन मला मिठी मारली आणि ठरल्याप्रमाणे नारळ दिला. गोदाचं लग्न मे अखेरीला नक्की झालं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी जेवून आडवा होणार इतक्यात केरूमामा दारात आले. पायात बूट, हातात छत्री.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"धक्क्यापर्यंत. तुला झोप येते ना, त्याच वेळेला माझ्या आत सुरू होतं. दिवेलागणीची वाट मी दुपारपासनं बघत बसतंय. आज बघायची नाय म्हणतंय."

मी चपला घातल्या. भर उन्हात आम्ही मांडवीच्या धक्क्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मामांच्या हाताला कंप होता, छत्री सारखी हलत होती. मला धाप लागली होती. पण परत आलो तेव्हा माझी झोप उडालेली होती. नाचणीला, ताकाला जे जमलं नव्हतं ते खाऱ्या वाऱ्यानं केलं.

सोमवारी दुपारी मामा सरळ कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले. साहेबांनी मला जाऊ दिलं, नव्हे, जायला सांगितलं. सुधारलेल्या माणसाला मोकळी हवा हवी, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करून मला जी सवलत मिळाली नव्हती ती अशी मिळाली. मी परत येऊन पाच वाजेपर्यंत ताठ बसून काम करायचो.

मामांचं इतकं सोपं नव्हतं. काही दिवस खिडकी उघडी असायची, आणि ते गजाला धरून काळोखाकडे बघत उभे असायचे. मध्येच एखाद्या संध्याकाळी खिडकी लागलेली दिसायची. दुसऱ्या दिवशी ते उशिरा यायचे, बुटांची नाडी सुटलेली. मी काही विचारायचो नाही. मला विचारायला येतच नव्हतं. गोदाच्या लग्नात त्यांनी पंगतीत भात वाढला. ताटाबाहेर एक शीत पडलं नाही, आणि हे मी सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाऊस सुरू झाला तरी आम्ही जात राहिलो. श्रावणात एका दुपारी धक्क्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मला राहवेना. हा माणूस माझ्या नावावर एवढी झुंज देतोय आणि माझं नाव पोकळ.

"मामा, तुम्हाला एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "मी आयुष्यात कधी घेतलेली नाही. तो नुसता सोडा होता."

"ठाऊक हाय," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"अरे, सगळा जन्म घेणाऱ्यांत गेला माझा. घेणारा माणूस खोलीत शिरल्या शिरल्या आधी कपाट बघतो. तू आमच्याकडे आलास की खुर्ची बघतोस, बसायला."

मी चालता चालता थांबलो. साऱ्या रत्नागिरीत माझ्या निर्व्यसनीपणाची खात्री असलेला एक माणूस निघाला, आणि तो परवानाधारक. समितीत त्याची साक्ष कुणी घेतली नसती.

"मग इतक्या लोकांत माझ्याकडे का आलात?"

भरतीच्या लाटा धक्क्याच्या दगडांवर आपटून आमच्या पायापर्यंत पाणी येत होतं.

"खऱ्या सोडलेल्याकडे गेलो असतो तर त्यानं मला शिकवलं असतं," ते म्हणाले. "तुला काय येत नव्हतं. तू चपला घातल्यास नि चाललास."

वाऱ्यानं त्यांची छत्री उलटी झाली. त्यांनी ती सरळ केली नाही, मिटून बगलेत धरली आणि भिजत पुढे निघाले. मी माझी मिटली.

"पाय उचल," ते मागे न बघता म्हणाले. मी उचलला.